गळकं कौल आणि सात मिनिटांचा पाऊस: एका कार्टून भागाचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या ॲनिमेशन स्टुडिओतलं आहे. लहान मुलांसाठी ऋतूंवर एक मालिका चालली होती, तिच्यातला हा पावसाळ्याचा भाग. बाहेर जाता येत नाही अशा दिवशी मुलांनी घरात काय करायचं, हा त्याचा विषय. संस्था, स्टुडिओ, गाव आणि माणसं यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. निर्णय आणि त्यांमागची कारणं मात्र जशी होती तशीच ठेवली आहेत. मी या मालिकेची कथा-संपादक होते.

पार्श्वभूमी

मालिका तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी होती. पैसा मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या एका संस्थेचा. भाग अंगणवाड्यांमधल्या टीव्हीवर आणि घरोघरी आईवडिलांच्या मोबाइलवर दाखवले जाणार होते. प्रत्येक भाग सात मिनिटांचा, त्याहून मोठा नाही, हे संस्थेने आधीच ठरवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात बसून पडदा पाहण्याचा वेळ एका तासाच्या आतच असावा, जितका कमी तितकं बरं, असं म्हटलं आहे. संस्थेने त्याच्याही पुढे जाऊन एक अट घातली: भाग संपला की मूल पडद्यासमोरून उठलं पाहिजे आणि त्याला काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे. ही अट मला मनापासून पटली होती. पुढच्या जवळजवळ प्रत्येक वादात आम्ही हीच कसोटी लावली.

घर कोकणातलं घ्यायचं ठरलं, कारण दृश्यरचना करणारी आमची सहकारी सिंधुदुर्गातली. कौलारू घर, पुढे ओटी, बाजूला पडवी, समोर खळं, म्हणजे अंगण. पात्रं तीनच: थोरली बहीण, धाकटा भाऊ आणि आजी. पोरं आपसात साधं मराठी बोलणार, आजी मालवणी.

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी एक हिशेब सांगून ठेवते. आपल्याकडे टीव्हीसाठी सेकंदाला २५ चौकटी धरतात. म्हणजे सात मिनिटांच्या १०,५०० चौकटी झाल्या. एक चित्र दोन चौकटींवर धरून ठेवायची सोय घेतली, तरी ५,२५० वेळा काहीतरी हलवावं लागतं. म्हणून निर्णय जितका लवकर तितका स्वस्त. संहितेत ओळ खोडायला मिनिट लागतं. स्टोरीबोर्डवर, म्हणजे दृश्यांच्या ओळीने लावलेल्या चित्रांवर, तोच बदल अर्धा दिवस खातो, आणि ॲनिमेशन झाल्यावर दोनतीन जणांची आठवड्याची मेहनत फुकट जाते. कच्ची चित्रं आणि कच्चे आवाज जोडून जो ॲनिमॅटिक बनवतात, ती मन बदलायची शेवटची परवडणारी जागा. या प्रकरणातले महत्त्वाचे निर्णय तिथपर्यंतच झाले. एक मात्र राहिला, तो पुढे येईल.

अडचण

पहिल्या संहितेत एक गाणं होतं आणि गाण्यात आठ खेळ: कागदाच्या होड्या, भेंड्या, सागरगोटे, बदाम सात, भिंतीवर हाताच्या सावल्या, भातुकली, चित्रं काढणं आणि लपाछपी. प्रत्येकाला चाळीसेक सेकंद. मग पाऊस थांबतो, ऊन पडतं, इंद्रधनुष्य दिसतं आणि पोरं आनंदाने खळ्यात धावतात.

वाचताना संहिता छान वाटत होती, सगळे हसत होते. स्टोरीबोर्ड भिंतीवर लागला तेव्हा खटकायला लागलं.

पहिली गोष्ट म्हणजे या आठांपैकी होडी सोडली तर एकाही खेळाचा पावसाशी संबंध नव्हता. पत्ते मे महिन्यातही खेळतात. दुसरी गोष्ट, चाळीस सेकंदांत सागरगोटे कुणाला येणार? एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा उचलायचा आणि त्याच हाताने वरचा झेलायचा, एवढं समजायला पाच वर्षांच्या मुलीला कुणीतरी शेजारी बसून चारदा दाखवावं लागतं. आम्ही खेळ दाखवतच नव्हतो, खेळांची नावं दाखवत होतो. आणि आठ नावं ऐकून मूल उठत नाही. ते नववं दाखवा म्हणून बसून राहतं.

तिसरी गोष्ट सिंधुदुर्गातल्या सहकारीने काढली आणि ती सगळ्यांत खोल होती. या संहितेत पाऊस खलनायक होता. तो आला म्हणून सगळं अडलं, तो गेला म्हणून सगळं सुटलं. तिच्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, घाटमाथ्यावर आंबोलीला तर ७,००० च्या वर. जुलैच्या सुरुवातीचा पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि त्यामागून येणारा पुष्याचा म्हातारा पाऊस, या दिवसांत झड लागली की चार चार दिवस ऊन दिसत नाही. तिथल्या मुलाला आपण ‘गाणं संपलं की ऊन पडेल’ असं सांगणार, आणि ते खिडकीतून पाहील तर बाहेर काळोखच. पाऊस असतानाच दिवस मजेत जातो, हे दाखवायचं सोडून आपण पाऊस संपायची वाट पाहायला शिकवतोय, असं तिचं म्हणणं. मला ते तंतोतंत पटलं.

समोरचे पर्याय

चार वाटा होत्या.

आठांचे चार खेळ करायचे, ही पहिली. यात काम सर्वांत कमी, पण दोष तसाच राहणार. दुसरी वाट म्हणजे खेळ सोडून द्यायचे आणि आजीने गोष्ट सांगायची. ती लवकरच बाद झाली: पडद्यावर गोष्ट ऐकणारी मुलं आणि त्यांना पाहत बसलेली मुलं, हे चित्र आमच्या अटीच्या नेमकं उलट होतं.

तिसरी वाट फक्त होडीची. हिच्या बाजूने बरेच जण होते आणि मोहही मोठा होता. साधी होडी, नांगरहोडी, शिडाची होडी, घड्या घालायची रीत सावकाश दाखवता आली असती. होडी सोडायची कुठे, इथे गाडी अडली. पहिल्या चित्रात पोरं व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर वाकलेली होती. भर पावसातला व्हाळ घटकेत चढतो. चार वर्षांच्या मुलाला पडद्यावर तो काठ दाखवून बोलावणं कुणालाच मान्य होईना. मग खळ्यात साचलेलं पाणी घेऊ, असं निघालं. पण अनवाणी पाय साचलेल्या पाण्यात दाखवायलाही अंगणवाडी ताईंनी हरकत घेतली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, भीती खरी असते. उंदीर आणि गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायावरच्या एखाद्या जखमेवाटे तो रोग शिरतो. आरोग्यसेविका घरोघरी जाऊन मुलांना डबक्यात उतरू देऊ नका सांगणार आणि आमचं कार्टून उतरा म्हणणार, हे चालणार नव्हतं. होडी पन्हळीखालच्या घंगाळात सोडली असती तरी भागलं असतं. पण पावसाळा म्हटलं की होडी हे कुणाच्याही हातून पहिल्यांदा उतरणारं चित्र आहे, आणि तोवर चौथी वाट समोर आली होती.

ती गप्पांतून निघाली. सहकारी सांगत होती, लहानपणी घर गळायला लागलं की आजी जिथे जिथे थेंब पडेल तिथे भांडं ठेवायची. एकीकडे टोप, एकीकडे तांब्या, माजघरात पितळी तपेली, कोपऱ्यात डालड्याचा रिकामा डबा. रात्री अंथरुणात पडून भावंडं पैज लावायची: आता कुठला वाजेल? टोप की डबा?

खोलीतले सगळे गप्प झाले. खेळ हाच होता. साहित्य घरातलं, आवाज पावसाचा, आणि पाऊस जितका जास्त तितका खेळ रंगणारा.

गळकं घर दाखवायचं का

संस्थेने या कल्पनेवर गंभीर आक्षेप घेतला आणि तो झटकून टाकण्यासारखा नव्हता. गळकं घर म्हणजे गरिबी. शहरातल्या आईबापांना ते दयनीय वाटेल, आणि ज्यांचं घर खरंच गळतं त्यांना आपली लाज पडद्यावर मांडल्यासारखी वाटेल. गळतीने ज्यांचं धान्य भिजतं त्यांना त्यात मौज कसली?

यावर पुण्यात बसून वाद घालण्यात अर्थ नव्हता. ज्या अंगणवाडीत पुढे चाचणी करायची होती, तिथल्या ताईंमार्फत आम्ही पालकांनाच विचारलं. ओटीवर बसून झालेल्या त्या बोलण्यात कुणालाही गळतीची लाज वाटलेली दिसली नाही. सगळे बोलत होते ते वानरांबद्दल. उन्हाळ्यात घर शाकारून घेतलेलं असतं, कौल न् कौल जागेवर बसवलेलं असतं. मग भर पावसात वानरांची टोळी छपरावरून उड्या मारत जाते, दोन कौलं सरकतात, एखादं फुटतं. निसरड्या छपरावर लगेच चढता येत नाही, म्हणून उघडीप मिळेपर्यंत भांडी लावायची. पैसेवाल्याच्या घरातही हेच.

निम्मा आक्षेप तिथेच विरघळला. भागाची सुरुवातच वानराने करायची ठरली: एक वानर छपरावर धपकन उडी मारतो, कौल सरकतं, आत आजी वर पाहते आणि म्हणते, “कौल सरकला वाटता. टोप हाड रे!” (टोप आण रे!) गळतीचं कारण मुलाच्या डोळ्यांसमोर घडतं. आजी कपाळाला हात लावत नाही, उसासा टाकत नाही. तांदळाचा डबा आधी बाजूला सरकवते, मग टोप ठेवते. हा डबा सरकवण्याचा एक शॉट आम्ही मुद्दाम जोडला. धान्य भिजण्याची जी काळजी संस्थेने बोलून दाखवली होती, तिला त्यामुळे भागात जागा मिळाली.

मला वाटतं, या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच होता.

कंटाळा किती वेळ दाखवायचा

आता वाद आला वेळेचा. भांडी लागण्याआधी मुलं कंटाळलेली आहेत. धाकटा ओटीवरच्या झोपाळ्यावर पालथा पडून एका बोटाने जमिनीवर रेघ ओढतोय. हे किती वेळ चालू द्यायचं? संस्थेच्या माध्यम-सल्लागाराचं म्हणणं तीन सेकंद, नाहीतर मूल मोबाइलवर बोट फिरवून पुढे जाईल. दिग्दर्शकाला पंधरा हवे होते. तिचं म्हणणं असं, की कंटाळा नीट आला नाही तर थेंबाचा आवाज ऐकू येण्याएवढं ते पोर रिकामंच होणार नाही.

दोन ॲनिमॅटिक बनवले, एक आखूड कंटाळ्याचा आणि एक लांब कंटाळ्याचा, आणि अंगणवाडीत वेगवेगळ्या गटांना दाखवले. पालकांची परवानगी घेतली होती, मुलांचं चित्रीकरण केलं नाही. दोघींनी फक्त नजरा टिपल्या. ही पद्धत जुनीच आहे. अमेरिकेत १९६९ साली ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झालं, त्याच्या तयारीत एडवर्ड पामर या संशोधकाने टीव्हीशेजारी दुसरा पडदा लावला आणि त्यावर साडेसात-साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रं ठेवली. मुलाची नजर टीव्हीवरून त्या चित्रांकडे कधी वळते ते पाहायचं. जिथे वळली, तिथे कार्यक्रम ढिला पडला. आम्हाला दुसरा पडदा लावायची गरजच पडली नाही. उघड्या दारातून खराखुरा पाऊस दिसत होता.

लांब कंटाळ्यात मुलांच्या नजरा दाराकडे गेल्या, हे खरं. पामरच्या हिशेबाने तो भाग नापास. पण बाहेर पाहून त्या परत आल्या, आणि पडद्यावर पहिला थेंब टोपात पडला तेव्हा या गटातली मुलं जास्त दचकली, जास्त हसली. एक मुलगा तर पडद्याकडे न बघता अंगणवाडीच्या छताकडे बघायला लागला. आखूड कंटाळ्याच्या गटाने नजर हलवली नाही, पण थेंबाचं त्यांना काही वाटलंही नाही. शेवटी अकरा सेकंदांवर तडजोड झाली. माझं मत अजूनही पंधराच्या बाजूचं आहे, पण अकरांनीही काम केलं.

पाऊस काढायचा कसा, ऐकवायचा कसा

संपूर्ण भागभर पाऊस म्हणजे खर्चाचं मोठं काम. पावसाच्या रेघा एक चित्र दोन चौकटी धरून ठेवल्या की काठ्या पडल्यासारख्या दिसतात, म्हणून प्रत्येक चौकटीला नवं चित्र लागतं. सगळं हाताने काढणं शक्य नव्हतं. सोळा चित्रांचं एक आवर्तन करून फिरवत ठेवलं तर अर्ध्या-पाऊण सेकंदाने तोच पाऊस पुन्हा येतो आणि डोळ्याला लगेच कळतं.

यावर स्टुडिओतल्या एका तरुण ॲनिमेटरने सुचवलेला उपाय मला फार आवडला. त्याने तीन थर केले, लांबचा, मधला आणि जवळचा पाऊस, आणि तिघांची आवर्तनं वेगवेगळ्या लांबीची ठेवली: १६, १९ आणि २३ चित्रांची. या तीन आकड्यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे तिन्ही थर पुन्हा एकदा पहिल्या चित्रावर एकत्र यायला १६ × १९ × २३, म्हणजे ६,९९२ चौकटी लागतात. सेकंदाला २५ ने भागलं की चार मिनिटं चाळीस सेकंद झाले. अठ्ठावन्न चित्रांत जवळजवळ पाच मिनिटांचा, पुन्हा तोच न दिसणारा पाऊस मिळाला. शिवाय बरीचशी कथा आत घडत असल्याने पाऊस दाराच्या चौकटीपुरताच दिसत होता.

आवाजाचं दुखणं वेगळं होतं. पावसाचा सलग आवाज स, श, फ ही अक्षरं गिळून टाकतो, कारण त्यांचाही आवाज तसाच फुसफुसता असतो. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर सगळं ऐकू येत होतं, पण अंगणवाडीतल्या टीव्हीवर आजीचं अर्धं बोलणं पावसात गेलं. तेव्हा बोलणं आलं की पाऊस खाली आणि बोलणं संपलं की पाऊस वर, असं करावं लागलं. कौलांवरचा, पत्र्यावरचा आणि केळीच्या पानांवरचा पाऊस वेगवेगळा ध्वनिमुद्रित केला होता. कौलांवरचा सर्वांत मऊ, बोलण्याला सर्वांत कमी त्रास देणारा.

गडगडाट काढून टाकायचा निर्णय मात्र पटकन झाला. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, त्यामुळे वीज चमकायची आणि गडगडाट ऐकूच यायचा नाही. शिवाय लहान पोरं घाबरतात. आणि खरं तर आषाढातल्या कोकणच्या झडीत गडगडाट फारसा नसतोच. तो वळिवाच्या आणि परतीच्या पावसाचा. कार्टूनमधला पाऊस म्हणजे वीज पाहिजेच, ही सवय मोडली याचा मला आनंद झाला.

सूर चढतो की उतरतो

भागाच्या उत्तरार्धात थोरली बहीण भरलेली भांडी ओळीने मांडते आणि लाटण्याने वाजवते. साधं घरगुती जलतरंग. ॲनिमॅटिकमध्ये पाणी वाढेल तसा सूर चढत होता. ते उलटं होतं. भांड्याच्या कडेवर वाजवलं तर पाणी जितकं जास्त तितका सूर खाली जातो, जलतरंग वाजवणारे याच हिशेबाने वाट्या लावतात. गोंधळ कुठून आला तेही सापडलं: नळाखाली कळशी किंवा बाटली भरताना आवाज चढत जातो, कारण तिथे वरची हवा कमी होत जाते. ध्वनिसंयोजकाने टेबलावर वाट्या मांडून वाजवून दाखवल्या आणि वाद मिटला.

थेंबाच्या आवाजाबाबतही आम्ही खोलात गेलो. २०१८ साली केंब्रिज विद्यापीठातले अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवान कॅमेरा आणि ध्वनिग्राहक वापरून दाखवलं, की तो ‘टुपुक’ आवाज थेंब आपटल्याचा नसतो. थेंबाने पृष्ठभागाखाली अडकवलेला हवेचा एक इवला बुडबुडा थरथरतो, त्याचा तो आवाज. हा प्रश्न अगरवालांना सुचला तो ब्राझीलमध्ये मित्राच्या घरी छप्पर गळत असताना, खाली भांडं ठेवलेलं असताना. पाण्यात भांडी घासायचं साबण-द्रावण टाकलं की आवाज बंद होतो, हेही त्यांनी दाखवलं. सिंधुदुर्गातल्या आज्या रात्री झोप यावी म्हणून टोपात फडकं टाकतात. रीत निराळी, काम तेच.

म्हणून आमच्या टोपाचे तीन आवाज झाले: कोरडा असताना ‘टण्’, तळाशी थोडं पाणी आल्यावर ‘टप्’ आणि निम्मा भरल्यावर ‘टुपुक’. मुलांना हा फरक आपोआप कळला, कुणी सांगावं लागलं नाही.

शेवट

पाऊस थांबवायचा नाही, हे ठरलेलं होतं. मग संपवायचं कसं? संस्थेला निवेदकाचं एक वाक्य हवं होतं, ‘तुम्हीही करून बघा’. आम्ही त्याऐवजी रात्र घेतली. आजी टोपात फडकं टाकते, आवाज बंद. धाकटा हळूच उठून फडकं काढतो, ‘टुपुक’. आजी पुन्हा टाकते, तो पुन्हा काढतो. मग थोरली सरळ प्रेक्षकांकडे वळून विचारते, “आता कुठला वाजेल?” समोर तीन भांडी आणि चार सेकंदांची शांतता. चाचणीत मुलं ओरडली, टोप! डबा! भाग तिथेच संपतो. उत्तर मिळतच नाही.

यावर आमच्यातही एकमत नव्हतं. उत्तर न देणं म्हणजे मुलांना फसवणं, असं दोघांना वाटत होतं. उत्तर हवं असेल तर मूल भांडं आणायला उठेल, या आशेवर आम्ही ते तसंच ठेवलं.

निष्पत्ती

काम पावसाळ्यात सुरू झालं आणि भाग पूर्ण झाला ऐन थंडीत. संस्थेच्या वेळापत्रकाप्रमाणे तो जानेवारीत दाखवला गेला. मुलांनी तो पाहिला, ती हसली आणि विसरली. कौलं कोरडी, पन्हळी कोरड्या, भांडं आणून लावायचं कुठे? तेव्हा संस्थेतल्या काहींनी, होड्यांचा भाग केला असता तर बरं झालं असतं, असं स्पष्ट बोलून दाखवलं.

जूनमध्ये मृगाचा पाऊस धरल्यावर ताईंनी स्वतःहून तोच भाग पुन्हा लावला. या वेळी शेवटच्या प्रश्नाला मुलं थांबलीच नाहीत. आपापल्या खाऊच्या ताटल्या आणि वाट्या उचलून पडवीत पळाली आणि पागोळ्यांखाली ओळीने मांडून बसली. ताईंना ते आवडलं आणि त्रासही झाला: कपडे भिजले, खिचडीच्या ताटल्या चिखलात गेल्या. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी करवंट्या आणि रिकामे डबे वेगळे काढून ठेवले.

पुण्यातल्या एका पाळणाघरातही भाग दाखवला होता. तिथे स्लॅबचं छत, पागोळ्या नाहीत. मुलांनी न्हाणीघरातला ठिबकणारा नळ शोधून काढला. पाळणाघर चालवणाऱ्या काकूंनी मग दोरीवर ओलं फडकं टांगून त्याखाली पातेली लावली. दोन घरांतून तक्रार आली, की पोरगं दिवाणखान्यात पाणी ओततंय.

दोन गोष्टी फसल्या. वानर जास्त भाव खाऊन गेला. भाग कशाबद्दल होता असं विचारलं तर लहानातल्या लहान मुलांनी वानराबद्दलच सांगितलं, आणि काहींना तो आपल्या घरावर येईल अशी भीती वाटली. दुसरं, जलतरंगाचा तुकडा. आम्हा मोठ्यांना तो फार प्रिय. पाच-सहा वर्षांची मुलं रमली, तीन वर्षांची उठून गेली.

पुन्हा करायचं झालं तर

जलतरंग या भागात ठेवणार नाही. त्याचा मोठ्या मुलांसाठी वेगळा दोन मिनिटांचा तुकडा करता येईल. इथे तो सुटला असता तर मोकळी झालेली मिनिटं ऐकण्याला मिळाली असती. ॲनिमॅटिकच्या वेळीच तीन वर्षांची मुलं त्या जागी उठत होती, टिपणांत तशी नोंदही आहे. पण तोवर त्या तुकड्यावर सगळ्यांचा जीव जडला होता आणि तो वाचवण्यासाठी सूर दुरुस्त करण्यात वेळ घातला गेला. तो हवा का, हा प्रश्न त्याच दिवशी विचारता आला असता.

वानराचं तोंड जवळून दाखवणार नाही. छपरावर धपकन आवाज, कौल सरकणं आणि लांब जाणारी शेपूट एवढं पुरे. गळतीचं कारणही कळतं आणि भीतीही वाटत नाही.

ऋतूचा भाग त्या ऋतूतच पहिल्यांदा दाखवायचा, हे करारात लिहून घ्यायला हवं. मालिका पूर्ण होण्याच्या क्रमाने भाग सोडण्यात कार्यालयाची सोय होती, मुलांची नव्हती. आता संस्थेने ते बदललं आहे: पावसाळ्याचा भाग मृग लागल्यावर, हिवाळ्याचा पौषात.

भागाबरोबर ताईंसाठी एक पानाची चिठ्ठीही हवी. जून-जुलैत ताईंनी आपल्या अनुभवाने जे केलं तेच त्यात लिहायचं आहे: जेवणाची भांडी वेगळी ठेवा, करवंट्या आणि पत्र्याचे डबे आधी जमवा, काचेचं काही नको, पागोळ्या पडवीच्या आतूनच धरा, खळ्यात उतरू देऊ नका, आणि खेळ झाल्यावर डब्यांतलं पाणी ओतून द्या, नाहीतर डास होतात. पुण्या-मुंबईच्या घरांसाठी तिच्या मागच्या बाजूला ओल्या फडक्याची युक्ती आणि खाली अंथरायला जुनी चादर.